शिखांचा लंगर : साधनांची एक तपासणी

शिखांच्या लंगराविषयीं लिहूं लागलें म्हणजे लेखक बहुधा गोइंदवाल येथील अकबराच्या कथेपासून आरंभ करितात. तिसरे गुरु अमरदास (गुरुपद इ. स. १५५२ ते १५७४) यांच्या भेटीस आलेल्या बादशहास आधीं सर्वांबरोबर पंगतीस बसावें लागलें, मगच दर्शन घडलें, अशी ती कथा. कथा गोड आहे. पण तिच्यामागें समकालीन कागद कोणता, हा प्रश्न उरतोच.

अकबरनाम्यांत बादशहा गोइंदवालाजवळ बियास उतरून गुरूच्या घरीं गेल्याची नोंद आहे खरी. परंतु ती इ. स. १५९८ मधील, आणि ते गुरु पांचवे, अर्जुनदेव. अमरदासांस निवर्तून तेव्हां २४ वर्षें लोटलीं होतीं. एका भेटीचें स्मरण मागील गुरूकडे सरकलें असावें, असा आमचा तर्क आहे. निर्णय म्हणून आम्ही तो मांडीत नाहीं.

बादशहाच्या पानाची ही चर्चा चालू असतां खरा पुरावा मात्र दुर्लक्षित राहतो. इ. स. १६०४ मध्यें सिद्ध झालेल्या आदिग्रंथांत, रामकली रागांत, सत्ता व बलवंड या रबाबी गायकांची एक वार आहे. तींत दुसरे गुरु अंगद यांच्या प्रसंगीं लंगर हा शब्द येतो. प्रथम येतो तो गुरुशब्दाचा लंगर म्हणून; तेव्हां येथें सगळें रूपकच आहे, अशी शंका चिकित्सकास येईल. आम्हांसही ती आली होती. पण पुढेंच अंगदांची पत्नी खीवी हिचें नांव घेऊन तिची छाया दाट पानांच्या झाडासारखी म्हटली आहे, आणि लंगरांत वाटल्या जाणाऱ्या खिरींत तूप असल्याचें सांगितलें आहे. नुसत्या रूपकास तुपाची गरज नसते!

शब्द फारसी, चिश्ती खानकाहांतील अन्नदानासही हाच शब्द लावीत. आपल्याकडे लंगर म्हणतांच गलबत आठवतें, आणि वस्तु समजून घेतांना अन्नछत्र. परंतु अन्नछत्रांत पंक्तिभेद राहूं शकतो, लंगरांत तो राहत नाहीं. अंतर आहे तें येथें. वारेच्या या भागांत मात्र जातींचा उल्लेख नाहीं. तो विचार पाहावयाचा तर जातिगर्वाचा निषेध करणारें अमरदासांचें भैरव रागांतील पद पाहावें.

इ. स. १७०८ मध्यें दहावे गुरु गोविंदसिंग नांदेडास निवर्तले. तेथील गुरुद्वारांतील लंगर मराठी वाचकांस पाहण्यास जवळ आहे. आदिग्रंथाच्या जुन्या हस्तलिखित पोथ्या ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं वारेच्या या पौड्या पाठभेदांसह ताडून पाहाव्या व त्यांच्या नकला आम्हांकडे धाडाव्या, अशी विनंती आहे.