दगड उरतो, ओळख राखावी लागते



बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत आपल्यापैकी बहुतेक जण कधी ना कधी गेले असतील. तेथे अरबी लेखाच्या सोबतीला एक संस्कृत शिलालेख आहे. फारुकी राजांची वंशावळ आणि शके १५११ ही बांधणीची मिती त्यात कोरलेली आहे. ही वास्तू कोणाची, कोणत्या काळातली, हे विचारण्यासाठी दुसरीकडे जाण्याचे कारण नाही. दगड स्वतःच बोलतो. परंतु असे बोलके दगड थोडे. बाकीच्या दगडांची ओळख ते ज्या भिंतीत, ज्या थरात आणि ज्या दगडाशेजारी बसलेले असतात, त्यावर अवलंबून असते. भिंत गेली की ती ओळखही जाते. पाडलेल्या वास्तूचे दगड वाचवणे म्हणजे नेमके काय वाचवणे, हा आजचा विषय आहे, आणि त्यासाठी मी आपणांस प्रथम गोव्यास नेणार आहे.

जुन्या गोव्यात सेंट कायतान चर्चच्या आवारालगत एक दरवाजा एकटाच उभा आहे. सहा पायऱ्या, काळ्या दगडाचे कोरीव खांब, वर आडवी शिळा आणि बाजूंना जाळीचे अवशेष, एवढेच त्याचे वैभव. आदिलशाही राजवाड्याचे हे प्रवेशद्वार. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्कने हे शहर जिंकले. पुढे १५५४ पासून १६९५ पर्यंत पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय या वाड्यात राहिले. साथीच्या रोगांनी शहर ओस पडत गेले, सत्तेचे केंद्र मांडवीकाठाने पणजीकडे सरकले आणि १८२० मध्ये हा वाडा पाडण्यात आला. त्याचे दगड पणजीच्या नव्या बांधकामास गेले. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, तेव्हा जुन्या राजधानीचा बराच भाग तिच्या भिंतींत आणि जोत्यांत गेलेला होता.

या दरवाजाचे कोरीवकाम हिंदू घडणीचे आहे, आणि हे दगड मुळात एखाद्या मंदिराचे असावेत असे अभ्यासक मानतात. म्हणजे मंदिरातून वाड्यात आणि वाड्यातून नव्या शहरात, असा या दगडांचा प्रवास. यात एकाच राजवटीला दोष देऊन भागत नाही. घडवलेला दगड महाग, त्याची ने-आण कष्टाची. म्हणून तयार दगड उचलणे हा जगभरच्या बांधणाऱ्यांचा रिवाज होता. दगड वाया गेला नाही, हे खरे. पण पणजीतील कोणता दगड वाड्याच्या कोणत्या दालनातला, हे आज कोण सांगू शकेल? वस्तू वाचली आणि वास्तू हरवली.

त्याच शहरात याच्या उलट दाखलाही आहे. सेंट ऑगस्टिनचा मठ १८३५ मध्ये धर्मसंघांवर बंदी आल्यावर ओस पडला. १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग पडला. आज तेथे जांभ्या दगडाचा अर्धा मनोरा आणि ढिगारेच दिसतात. परंतु एका जुन्या पोर्तुगीज कागदात नोंद राहिली होती की, १६२४ मध्ये इराणात मारली गेलेली जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष या मठाच्या सभाकक्षातील दुसऱ्या खिडकीत दगडी पेटीत ठेवले आहेत. खिडकी उरली नव्हती, तिची जागा मात्र कागदावर होती. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने पाया मोकळा करीत ती जागा शोधली, तेथे अस्थी मिळाल्या, आणि हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या जनुकीय तपासणीने त्या राणीच्याच असाव्यात या मताला बळ दिले. २०२१ मध्ये त्यांचा एक भाग भारताने जॉर्जियाला समारंभपूर्वक दिला. चारशे वर्षांनी एका देशाला आपली राणी मिळाली, ती एका ओळीच्या नोंदीमुळे!

तिसरे उदाहरण आपल्या काळातले. सांगे तालुक्यातील कुर्डी हे गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे गाव. साळावली धरणाच्या पाण्याखाली ते गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की घरांची जोती आजही उघडी पडतात. पण तेथील कदंबकालीन महादेव मंदिर बुडाले नाही. पुरातत्त्व खात्याने ते दगड दगड उतरवून सुमारे सतरा किलोमीटरवर, धरणाजवळ पुन्हा उभारले.

असे काम कसे होते, हे समजून घेण्याजोगे आहे. हात लावण्यापूर्वी प्रत्येक बाजूची मापे, नकाशे आणि छायाचित्रे घेतात. प्रत्येक दगडाला भिंत, थर आणि स्थान दाखवणारा क्रमांक देतात. तोच क्रमांक नकाशावरही असतो. उतरवणी वरून खाली आणि उभारणी खालून वर. दगडांत जुने लोखंडी आकडे असतील तर ते गंजून फुगतात व दगड चिरतात, म्हणून ते जपून काढावे लागतात. उतरवलेले दगड थराप्रमाणे, जमिनीचा ओलावा लागणार नाही असे मांडून ठेवतात. या साऱ्या खटाटोपात सर्वांत हलकी वस्तू म्हणजे ती यादी. पण ती हरवली तर मंदिराचा ढिगारा होतो.

मित्रहो, असीरगडाच्या सावलीतल्या या चांदनी परिसरात ही गोष्ट सांगण्यास एक कारण आहे. येथून जवळच नेपानगरला १९५० च्या दशकात देशातील पहिला वृत्तपत्री कागदाचा कारखाना सुरू झाला. म्हणजे आपल्या पंचक्रोशीत दगडही आहे आणि कागदही. जुनी विहीर बुजते, रस्ता रुंद होताना वेस जाते, पडक्या वाड्याची चौकट नव्या घराच्या पायात जाते. प्रत्येक वेळी पाडणे आपल्याला थांबवता येईलच असे नाही, आणि गरजू माणसाने पडका दगड वापरला म्हणून त्याच्यावर रागावणेही योग्य नाही. पण पाडण्यापूर्वी एक छायाचित्र, चार मापे, गावातल्या वृद्धांनी सांगितलेले नाव आणि तारीख, एवढे एका वहीत लिहून ठेवणे आठवीच्या विद्यार्थ्यालाही जमेल. ती वही शाळेच्या कपाटात राहावी.

ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांनी वर्षानुवर्षे हजेरीपटावर मुलांची नावे लिहिली. आपल्या गावातल्या दगडांचाही असाच एक हजेरीपट या शाळेने सुरू करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.