ती वाचायला शिकली म्हणून



आम्ही मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागलो, त्या पहिल्या पगाराची गोष्ट. खिडकीतल्या बाबूने आमचं आडनाव वाचलं आणि काही न विचारताच अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढे सरकवलं. आम्ही सातवी पास. खिशातलं पेन काढून सही केली. बाबूचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं होतं!

पुढे वाचनाचा नाद लागला तेव्हा कळलं, हे पॅड फार जुनं आहे. पुण्यात महात्मा जोतिबा फुले आणि सावित्रीमाई यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजाची मुलगी शिकत होती. अवघी तीन वर्षं शिकली असेल. तेवढ्या शिदोरीवर तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि 'ज्ञानोदय'ने तो 1855 साली फेब्रुवारी व मार्चच्या दोन अंकांत छापला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर मग आमचा धर्मग्रंथ कोणता, असं तिने थेट देवालाच विचारलं. पेशवाईत मांग-महार वाचताना सापडला तर राज्यकर्त्यांना काय वाटायचं, तेही लिहिलं: हे शिकले तर कारभार यांच्या हाती द्यायचा की काय? म्हणजे बघा, एका तोंडाने म्हणायचं यांना अक्कल नाही, आणि पोटात भीती मात्र ते शिकतील याची. ही मेख त्या पोरीने बरोबर पकडली होती.

पुढच्याच वर्षी, 1856 मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. कायदा इंग्रजांचा, पण दार बंदच. खुद्द बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. तरी 1907 साली ते मॅट्रिक झाले. सत्कारात केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. त्या एका पुस्तकाचं मोल आपल्या विहारात बसणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

आणखी एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही, फलटणच्या बेबीताई कांबळे. दुकानात पुड्या बांधायला आणलेली रद्दी त्या वाचायच्या. लिहिलेलं वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकात आलं आणि 1986 साली पुस्तक झालं. पुरुषांनी खाली मान घालून वाचावं असंही त्यात बरंच आहे, आम्ही स्वतःला त्यातून वगळत नाही. आमच्या घरातही पेपर आधी आमच्याच हातात यायचा, मंडळींना उरला तर.

गेल्या वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालू होतं. एक दिवस वाचणारा मुलगा सेकंड शिफ्टला गेलेला. तेव्हा साठीत अक्षरओळख झालेल्या एक आजी चष्मा पुसत पुढे आल्या. बोट ठेवून ठेवून वाचत होत्या. अर्ध्या तासात दीड पान झालं. शहाड स्टेशनवरून दोन लोकल गेल्या, पण उठलं कुणीच नाही.