टमाटरावर अतिनील उजेड : हे आलं कुठून?



२०२३ चा टमाटर कोणी विसरला नसेल. जुलैत शहरात किलोला शंभराच्या वर गेला, आणि पुढं दोन महिन्यांत नाशिककडच्या शेतकऱ्यांनी तोच माल रस्त्यावर ओतला. आपण गोंदिया जिल्ह्यातले लोक धान निघाल्यावर दोन-चार बांध्यांत टमाटर लावणारे. हिवाळ्यात दुर्ग-धमध्याकडचा माल आणि आपला माल एकाच आठवड्यात बाजारात उतरतो, भाव पडतो, आणि माल परत आणून ठेवावा तर कॅरेटातल्या खालच्या थरानं पाणी सोडलेलं असते. आठ दिवस माल थांबला असता तर पुढचा बाजार पाहता आला असता. म्हणून "लाइट मारला की टमाटर टिकतो" असं कोणी म्हटलं की आपले कान टवकारतात. या लाइटचा इतिहास थोडा वाचला, तो लिहितो.

उन्हानं माल टिकवणं आपल्याला नवीन नाही. घरच्या बाया वांगं, टमाटर कापून छपरावर वाळवतात, खुला करतात. पण तिथं काम होते ते पाणी उडाल्यामुळं. ही गोष्ट उन्हातल्या न दिसणाऱ्या भागाची आहे. १८०१ साली जर्मनीत रिटर नावाच्या माणसानं काचेच्या लोलकातून ऊन पाडलं आणि चांदीचा क्षार लावलेला कागद रंगांच्या पट्ट्यात धरला. जांभळ्या रंगाच्या पलीकडं, जिथं डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथं कागद सगळ्यात लवकर काळा झाला. तेच अतिनील किरण. पुढं १८७७ मध्ये डाउन्स आणि ब्लंट या दोन इंग्रजांनी साखरपाण्याच्या नळ्या खिडकीत ठेवल्या. उन्हातली नळी स्वच्छ राहिली, झाकून ठेवलेली गढूळ झाली. ऊन जंतू मारते हे तिथं सिद्ध झालं. १९१० मध्ये फ्रान्सच्या मार्सेय शहरात पाणी शुद्ध करायला पाऱ्याचे दिवे लावले गेले. आज घरच्या पाण्याच्या फिल्टरात जो युव्ही दिवा असतो, तो त्याच खानदानातला. साध्या ट्यूबलाइटमध्येही पाऱ्याची वाफच असते, पण तिची काच हे किरण अडवते. जंतू मारणाऱ्या दिव्याची नळी क्वार्ट्झची किंवा खास काचेची असते, ती २५४ नॅनोमीटरचे किरण बाहेर सोडते.

आता टमाटर. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल. कार्व्हर १८९६ मध्ये अमेरिकेतल्या ज्या टस्कीगी संस्थेत गेले, त्याच संस्थेत त्यांच्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९८० च्या पुढं, कांदा, रताळं, पीच आणि टमाटरावर या किरणांचं काम झालं. १९९३ मध्ये टमाटरावरचा त्यांचा लेख छापून आला : सड कमी झाली आणि पिकणंही लांबलं. कार्व्हरांच्या संस्थेतून हे निघालं, याचं मला फार बरं वाटलं.

यात खरी गंमत पुढं आहे. सालीवरची बुरशी मरते हे अर्धंच काम. किरणांचा हलका मारा बसला की तोडलेलं फळसुद्धा चवताळते, स्वतःच बुरशीविरोधी द्रव्य तयार करते, सालीजवळच्या पेशींच्या भिंती मजबूत करते. लहान मुलाला लस टोचावी तसं. मारा जास्त झाला तर साल करपते. कॅनडातल्या लावाल विद्यापीठाच्या लोकांनी १९९९ मध्ये दाखवलं की चौरस मीटरला ३.७ किलोज्यूल एवढ्या मात्रेनं हिरवट टमाटराचं पिकणं आठवडाभर मागं जाते. त्यांचा माल मात्र नंतर थंड, अंधाऱ्या खोलीत होता. लगेच उजेडात ठेवला तर केलेलं काम बरंचसं उलटते.

आपल्याकडं लोक याची लासलगावशी सरमिसळ करतात. ते वेगळं. तिथलं 'कृषक' केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्रानं २००२ मध्ये उभं केलं, तिथं कोबाल्ट-६० चे गॅमा किरण वापरतात. ते आरपार जातात, म्हणून पोत्यातल्या कांद्याचाही कोंब थांबतो. २००७ मध्ये आपला हापूस अमेरिकेला गेला तो तिथूनच किरण देऊन. अतिनील किरण आरपार जात नाहीत, सालीवरच थांबतात. म्हणजे कॅरेटवर वरून दिवा लावला तर वरच्या थराची वरची बाजू तेवढी न्हाते, खालचं सगळं कोरडं. प्रत्येक फळ दिव्याखाली गोल फिरायला पाहिजे, त्यासाठी रोलर पाहिजे.

कोरोनानंतर असे डबे विकणारे खेड्यापर्यंत आले. आमच्याकडं आलेल्या एकाला मी विचारलं, टमाटराच्या सालीवर चौरस मीटरला किती वॅट पोचतात? तो म्हणाला, दिवा तीस वॅटचा आहे. हे उत्तर नव्हे. सालीवर १० वॅट पोचत असतील तर ३,७०० ज्यूल व्हायला ३७० सेकंद, म्हणजे सहा मिनिटं लागतात. ५ पोचत असतील तर बारा. हा आकडा मोजल्याशिवाय एकतर काही होणार नाही, नाहीतर साल जळेल. आणि डोळ्यांचं कोणी बोलतच नाही. हा उजेड उघड्या डोळ्यांवर पडला तर वेल्डिंगवाल्यासारखी रात्रभर आग होते, कातडीही भाजते. लेकरं फिरतात त्या छपरीत उघडा दिवा लावायचा नाही.

माझं मत विचाराल तर एकट्या शेतकऱ्याचं हे काम नाही. पाच-दहा गावांच्या उत्पादक कंपनीकडं प्रतवारीचा पट्टा असेल, १२-१३ अंशाची खोली असेल, तर त्या पट्ट्यावर बंद पेटीत दिवे बसवता येतात. खोली नसेल तर दिव्याचा खर्च कशाला? फळ बुडाशी गुलाबी झालं की पहाटे तोडणं, सावलीत ठेवणं आणि फुटलेलं फळ कॅरेटात न टाकणं, एवढ्यानंही दोन-तीन दिवस मिळतात. कृषी विज्ञान केंद्राच्या साहेबांपैकी कोणाकडं हे किरण मोजायचा मीटर असेल तर सांगा, येत्या हंगामात चार कॅरेट माल मी देतो. दोन दिव्याखालून काढू, दोन तसेच ठेवू, आणि रोज सडके मोजू.