वनस्पतींची शास्त्रीय नावे : व्युत्पत्ती व अर्थ

वनस्पतीच्या प्रत्येक जातीला जगभर एकच ओळख असावी म्हणून दिलेले, लॅटिन व्याकरणाच्या नियमांत बसवलेले दोन पदांचे नाव म्हणजे तिचे शास्त्रीय नाव होय. त्यातले पहिले पद प्रजातीचे, म्हणजे निकटचे नाते असलेल्या जातींच्या गटाचे असते, तर दुसरे पद त्या गटातली नेमकी जात दाखवते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये ‘स्पीशीज प्लँटारम’ या ग्रंथात ही पद्धत सरसकट वापरली. त्यापूर्वी पुष्कळ झाडांची नावे म्हणजे लांबलचक लॅटिन वर्णनेच असत.

नावांची घडण लॅटिन असली, तरी त्यांतले शब्द अनेक भाषांतले आहेत. पारिजातकाच्या ‘निक्टँथस आर्बर-ट्रिस्टिस’ या नावात रात्र व फूल या अर्थांचे ग्रीक शब्द आणि ‘दुःखी झाड’ अशा अर्थाचे लॅटिन पद एकत्र आले आहे. रात्री उमललेल्या फुलांचा पहाटे झाडाखाली पडलेला सडा ज्याने पाहिला आहे, त्याला हे नाव उलगडून सांगावे लागत नाही. सह्याद्रीतल्या कारवीच्या मराठी नावावरून तर वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रेमेकाम्प यांनी १९४४ मध्ये ‘कार्व्हिया’ ही प्रजातीच स्थापली.

व्यक्तींच्या स्मरणार्थ दिलेल्या नावांत आपट्याचे नाव विशेष सुंदर आहे. दसऱ्याला सोने म्हणून वाटले जाणारे हे पान टोकाकडून दुभंगलेले असते आणि मधल्या शिरेवर दुमडले, तर त्याचे दोन्ही भाग एकमेकांवर तंतोतंत बसतात. या जोडपानात लिनीअस यांना योहान व कास्पार बोअँ हे वनस्पतिज्ञ बंधू दिसले; प्रजातीचे ‘बॉहिनिया’ हे नाव या बंधूंच्याच स्मरणार्थ आहे. आपट्याच्या जातीचे ‘रेसिमोझा’ हे पद फुलोऱ्याच्या मंजिरीचे निदर्शक आहे.

काही नावे अर्थाने चुकीचीही आहेत. चिंचेचे ‘टॅमरिंडस’ हे पद ‘हिंदुस्थानचा खजूर’ या अर्थाच्या अरबी शब्दांपासून आले असून त्यापुढे पुन्हा ‘इंडिका’ जोडलेले आहे, पण झाड मूळचे आफ्रिकेतले. तरीही एवढ्या कारणाने नाव बदलत नाही, कारण नियमांनुसार नावाचे काम ओळख पटवण्याचे आहे, वर्णन करण्याचे नाही. वर्गीकरण बदलले, तर मात्र पहिले पद बदलू शकते. इटालियन अभ्यासक मिकेली यांच्या नावाच्या ‘मायकेलिया’ प्रजातीत असलेला सोनचाफा आता ‘मॅग्नोलिया’त गणला जातो, संस्कृत ‘चंपक’ शब्दावरून आलेले ‘चंपाका’ हे त्याचे दुसरे पद तेवढे १७५३ पासून तसेच आहे.