बायस: न ऐकू येणारा सूर

चाकणच्या कारखान्यात काम सुरू करण्याआधी गेज तपासतात ना, तसंच स्टुडिओत टेप मशीनचं करायचे. प्रत्येक ट्रॅकचं सर्किट वेगळं, म्हणून 24 ट्रॅकचं मशीन असेल तर तेच काम 24 वेळा!

गोष्ट 1940 ची. बर्लिनच्या रेडिओत वॉल्टर वेबर प्रयोग करत होते. एक अ‍ॅम्प्लिफायर बिघडून उंच, ऐकू न येणारा सूर काढू लागला आणि टेपवरची खरखर एकदम खाली आली. (अमेरिकेत कार्लसन-कार्पेंटर यांना असंच पेटंट 1927 मध्येच मिळालं होतं, पण ते पडून राहिलं.) हाच बायस.

तो लावायचा कसा? 10 किलोहर्ट्झचा सूर रेकॉर्ड करत बायस वाढवायचा. मीटरचा काटा चढतो, मग उतरू लागतो. सेकंदाला 15 इंच वेग असेल, तर साधारण 3 डेसिबल उतरला की थांबायचं. कमी पडला तर आवाज फाटतो, जास्त झाला तर झांजेची चमक जाते. टेपचा ब्रँड बदलला? पुन्हा पहिल्यापासून.

मी सॉफ्टवेअरवाला, चूक राहिली तर उद्या पॅच टाकू ही सवय. प्लेबॅकची पातळी नंतर जुळवता येते, त्यासाठीच टेपच्या सुरुवातीला चाचणीचे सूर ठेवतात. बायस मात्र रेकॉर्डिंगच्या क्षणीच ठरतो. तेव्हा फाटलेला आवाज आज डिजिटाइझ करतानाही फाटलेलाच येतो.