काळ्या पट्टीचा आठवडा

स्मरणिकेसाठी लिहायचं ठरलं तेव्हा मला अकराव्या वर्षातला एक आठवडा आठवला. आपल्या वर्गात नऊ ते बारा वर्षांची मुलं एकत्र असत. सोमवारी प्रत्येकाने आठवड्याचं काम स्वतःच्या वहीत लिहायचं आणि शुक्रवारी बाईंबरोबर बसून झालेलं, राहिलेलं बघायचं, हा रिवाज.

त्या सोमवारी बाईंनी व्हरांड्यात काळ्या कापडाची ३० मीटर लांब पट्टी उलगडली. पट्टी म्हणजे पृथ्वीचं वय, टोकाची पांढरी रेघ म्हणजे माणूस. रेघ एवढीच कशी, असं आमच्या गटाने विचारलं. "मोजा की," बाई म्हणाल्या. मंगळवार-बुधवार त्यातच गेले. ४५० कोटी वर्षं ३० मीटरमध्ये, म्हणजे मीटरला १५ कोटी, सेंटिमीटरला १५ लाख. पुस्तकात माणसाचं वय दीड लाख वर्षं होतं, म्हणून रेघ १ मिलिमीटरची. (आता ३ लाखांच्या आसपास सांगतात, रेघ दुप्पट करायला हवी!) डायनासोर संपले ती खूण टोकापासून ४३ सेंटिमीटरवर आली.

गुरुवारी माझे बाबा शाळेत आले. शेजारची मुलं स्कॉलरशिपची तयारी करत होती आणि आमची मुलगी कापड मोजत होती. माझं नाव काढून घ्यायचंच त्यांच्या मनात होतं. बाईंनी वाद घातला नाही. माझी वही त्यांच्या हातात दिली. बाबांनी हिशोब दोनदा तपासला. एका ठिकाणी शून्य कमी होतं. बाई म्हणाल्या, "दिसलंय मला. उद्या तिचं तिला सापडू दे." नाव राहिलं.

बाबांच्या शंकेमागचा इतिहास मला फार उशिरा कळला. मारिया माँटेसरींचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममध्ये सुरू झालं, ते लहानग्यांसाठी. आपल्याकडे गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडी रुजवली. त्यामुळे मराठी घरांत माँटेसरी म्हणजे शिशुवर्ग, हेच समीकरण बसलं.

मोठ्या मुलांचं काम आकाराला आलं ते युद्धकाळात, आणि तेही भारतात. थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून माँटेसरी नोव्हेंबर १९३९ मध्ये मद्रासला, अड्यारला आल्या. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून मुलगा मारिओ स्थानबद्ध झाला, त्यांच्याही हालचालींवर बंधनं आली. त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला मारिओची सुटका झाली. १९४२ ते १९४४ ही वर्षं दोघांनी कोडाईकनालला काढली. तिथे सहा ते बारा वयाच्या मुलांबरोबर काम करताना सगळे विषय विश्वाच्या गोष्टीत ओवायची कल्पना पक्की झाली. आपला व्हरांडा त्या टेकडीला असा जोडलेला होता.

आज ऑफिसात नवख्या मुलांचा कोड तपासताना चूक दिसली, तरी मी ओळ दाखवत नाही. पुन्हा बघ, म्हणते. सवय बाईंची.

आणि बाई, एक कबुली राहिली आहे. ते शून्य मला शुक्रवारी सापडलं नव्हतं. गुरुवारी रात्री जेवताना बाबांनी सांगून टाकलं होतं.