जुन्नर तालुका

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा, शेतीप्रधान तालुका. मुख्य ठिकाण जुन्नर. पुण्यापासून अंतर सुमारे ९० किमी. पश्चिमेस सह्याद्रीचा कडा, त्याखाली कोकण. उत्तरेस अहिल्यानगर जिल्हा, दक्षिणेस आंबेगाव तालुका. कुकडी, मीना आणि पुष्पावती या प्रमुख नद्या. पश्चिमेच्या मावळपट्टीत पाऊस धो धो आणि पीक भाताचे. पूर्वेकडे आणे पठारावर मात्र पाण्याची ओरड जुनीच. मधल्या पट्ट्याला कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे या धरणांनी बागायती केले. आज तेथे ऊस, द्राक्षे, टोमॅटो दिसतात.

शिवजन्मभूमी म्हणून तालुका घरोघर ठाऊक आहे; पण शिवनेरी किल्ल्याच्या आधीचे दीड हजार वर्षांचे जुन्नर बहुतेकांच्या नजरेआड राहते. या प्रदेशाला मोठेपण दिले ते घाटवाटेने, आणि येथील जवळजवळ प्रत्येक जुनी वास्तू त्या वाटेशी कुठेतरी जोडलेली आहे.

मानवी वावराच्या खुणा मात्र वाटेहून कितीतरी जुन्या आहेत. कुकडीकाठच्या बोरी येथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच परिसरात अश्मयुगीन हत्यारे मिळाली आहेत. राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची असल्याचे मानतात. ती सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की त्याआधीच्या एखाद्या स्फोटाची, यावर हत्यारांचे वय ठरते. म्हणूनच हा वाद लांबला.

नाणेघाट जुन्नरच्या पश्चिमेस सुमारे ३० किमीवर आहे. कल्याण व सोपारा या बंदरांतून माल देशावर चढवण्याची ही सातवाहनकालीन फरसबंद वाट. घाटमाथ्यावरच्या लेण्यात डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत नागनिका राणीचा लेख कोरला आहे. अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गायी, हत्ती, घोडे, कार्षापणे यांच्या दक्षिणेची ती यादी आहे. दक्षिणेचे आकडे शब्दांऐवजी अंकचिन्हांत लिहिल्यामुळे भारतीय अंकांच्या इतिहासात या भिंतीला मोठे मोल आहे. लेखाचा काळ सामान्यतः इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आसपासचा धरतात. समोरच्या भिंतीवर राजघराण्याच्या प्रतिमा होत्या. त्यांवरील नावे शिल्लक आहेत : सिमुक सातवाहन, राणी नागनिका, श्री सातकर्णी, महारठी त्रणकयिर आणि काही कुमार. प्रतिमांची पावले तेवढी उरली आहेत, बाकी सगळे गेले. घाटाच्या तोंडाशी असलेला मोठा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरा सांगते. लेण्याची नोंद कर्नल साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केली. लेख आणि अंक यांचा नेटका अभ्यास पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी केला.

वाटेवरचा पैसा डोंगरांत मुरला. जुन्नर शहराभोवती तुळजा, शिवनेरी, मानमोडी आणि लेण्याद्री असे बौद्ध लेण्यांचे समूह असून एकूण खोदकामांची संख्या दोनशेच्या घरात जाते. वेरूळ-अजिंठ्यासारखा शिल्पांचा थाट येथे नाही. साध्या खोल्या, पाण्याची पोढी, मोजकी चैत्यगृहे. मोल आहे ते दानलेखांचे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दिले. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचे उल्लेख आहेत. इरिल, चिट, चंद हे दाते स्वतःला यवन म्हणवतात. चिटाने संघाला भोजनमंडप दिला. मानमोडीतील एक लेख क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा, वर्ष ४६चा आहे.

तुळजालेण्यातील चैत्यगृह मुद्दाम पाहावे असे. ते वर्तुळाकार आहे : मध्ये स्तूप, भोवती बारा साधे अष्टकोनी खांब, वर घुमटाकार छत. अशी रचना देशात क्वचितच आढळते. लेण्याद्रीला लोक अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाच्या दर्शनाला येतात. देव बसला आहे तो मुळात भिक्षूंचा विहार, लेणे क्र. ७. शेजारच्या सहाव्या लेण्यातील चैत्यगृहाचा दाता कल्याणचा आहे. बंदराचा माणूस घाट चढून येथे दान देतो, यातच सगळे आले.

वाट राखायची तर किल्ले हवेत. जीवधन, चावंड, हडसर, निमगिरी आणि शिवनेरी हे त्यासाठीच उभे राहिले. बहमनी सत्तेखाली जुन्नर सुभेदारीचे ठिकाण होते. तेथूनच मलिक अहमदने १४९० मध्ये स्वतंत्र निजामशाही उभारली. अहमदनगर वसले ते त्यानंतर. मलिक अंबरच्या काळात जुन्नर काही वर्षे निजामशाहीची राजधानीही होते. शहराबाहेरचा हबशी महाल आणि नक्षीदार सौदागर घुमट ही त्या शतकांची आठवण. जुन्नरी कागद याच शहरातल्या कागदी कारागिरांचा.

शिवनेरीवर १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म झाला. सात दरवाजे ओलांडून माथ्यावर गेले की अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, बदामी तलाव, जन्मस्थानाची इमारत आणि शेवटी कडेलोटाचे टोक लागते. शिवाई देवी वाटेतच, एका लेण्यात. निजामशाहीचा अखेरचा वारस मूर्तझा जीवधनवर कैदेत होता. शहाजीराजांनी त्याला सोडवून पेमगिरीवर गादीवर बसवले. तो डाव फसला आणि शिवनेरी मोगलांकडे गेला. महाराजांनी १६५७ मध्ये जुन्नर शहर लुटले, पण जन्माचा किल्ला त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. अठराव्या शतकात तो मराठ्यांकडे आला. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा मराठा किल्ल्यांत शिवनेरी आहे.

मंदिरांत पूर येथील कुकडेश्वर प्रथम घ्यावा. कुकडीच्या उगमाजवळचे हे कोरीव दगडी शिवालय यादवपूर्व काळातील मानतात. ओझरचा विघ्नहर अष्टविनायकांपैकी; वसईच्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी त्याचा जीर्णोद्धार करून सोन्याचा कळस चढवल्याचे सांगतात. ओतूरला कपर्दिकेश्वराचे मंदिर आणि तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. श्रावणी सोमवारी तांदळाच्या पिंडी पाहायला तेथे रीघ लागते.

१८१८ मध्ये मेजर एल्ड्रिजच्या पलटणीने येथील किल्ले एकापाठोपाठ घेतले आणि त्यांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या. चावंडची उद्ध्वस्त चढण अजून तशीच आहे. पण जुन्नरला खरा फटका बसला तो तोफांनी नव्हे, रुळांनी. बोरघाटातून १८६३ मध्ये आणि थळघाटातून १८६५ मध्ये आगगाडी वर आली, आणि या दोन घाटांच्या मधला नाणेघाट व्यापारातून उठला. तालुक्यात आजही लोहमार्ग नाही.

बाजार मग पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावला सरकला. टोमॅटोच्या उलाढालीइतकेच हे गाव तमाशासाठी नावाजलेले. विठाबाई नारायणगावकर येथल्याच. जत्रांच्या हंगामात फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. जवळच खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे : प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही खोडदला एकवटलेल्या, बाकीच्या सुमारे २५ किमीच्या परिसरात विखुरलेल्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही जागा पत्करली, कारण शहरी गोंगाटाच्या रेडिओलहरी येथवर फारशा पोचत नव्हत्या. व्यापाराने पाठ फिरवल्यामुळे आलेली शांतता अशी भलत्याच कामी आली.